लहरी कुणाला द्यायच्या?

मुंबई-गोवा महामार्गावरच्या पालीत उद्या दोन संस्थांनी एकाच लहरीवर सामुदायिक रेडिओ मागितला, तर तो कुणाला द्यावा? प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. तरी खासगी एफएममध्ये जास्त बोली लावणाराच जिंकतो. सामुदायिक रेडिओच्या धोरणात लिलाव नाही; केंद्राची समिती संस्थेची समाजातली पत, सेवेची वर्षे, उद्दिष्टे आणि साधने पाहते. हीच वाट योग्य. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र बोली लावून उभे राहिले नसते. पण पत बंद खोलीत मोजली, तर ओळखीपाळखीच वरचढ ठरतात. म्हणून अर्जदारांनी ग्रामसभेपुढे कार्यक्रम मांडावेत, समितीने गुण आणि कारणे जाहीर करावीत, बरोबरी झाल्यास प्रसारणाची वेळ वाटून द्यावी. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आमची ही मागणी आहे.