उभ्या गाडीचा चालू खर्च

दुकानाचे शटर खाली ओढले म्हणून दुकानाचा खर्च थांबत नाही, हे व्यापारी कुटुंबातील लहान मुलालाही ठाऊक असते. जागेचे भाडे, विजेचा स्थिर आकार, रखवालदाराचा पगार, कर्जावरील व्याज ही देणी सुट्टी पाळत नाहीत. आवक बंद आणि जावक चालू अशी स्थिती फार दिवस राहिली, तर शिल्लक कितीही मोठी असली तरी ती संपते. मोटारीच्या बाबतीत मात्र हाच हिशेब भलेभले विसरतात. परदेशी मुलाकडे तीन महिने जाताना गाडी शेडमध्ये लावली, वर कापड घातले आणि किल्ली कपाटात ठेवली, की गाडी विश्रांती घेत आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्या काळात गाडीची बॅटरी क्षणभरही विश्रांती घेत नाही.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हा धडा अनेक घरांना एकाच वेळी मिळाला. महिना-दोन महिने जागेवर उभ्या असलेल्या गाड्या बाहेर काढण्याची वेळ आली, तेव्हा सेल्फ मारताच नुसता टक् असा आवाज येई आणि पुढे काहीच होत नसे. इंजिन ठणठणीत, टाकीत इंधन पुरेसे. उतरली होती ती बॅटरी.

जुन्या पिढीला याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या अँबॅसिडरच्या पुढील बाजूस हँडल घालून इंजिन फिरवता येई, आणि चार माणसांनी धक्का दिला तरी गाडी सुरू होई. विजेच्या सेल्फची सोय १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली, आणि तेव्हापासून बॅटरी हा गाडीचा अनिवार्य भाग होत गेला. आजच्या गाडीत इंधन पंपापासून इंजिनात इंधन सोडण्यापर्यंतचे सारे काम विजेवर चालते, आणि स्वयंचलित गिअरची गाडी तर धक्का देऊन सुरूच होत नाही. शिवाय गाडी बंद असतानाही तिच्यातील काही यंत्रणा जाग्या असतात. चोरीची सूचना देणारा अलार्म, किल्लीच्या संकेताची वाट पाहणारे कुलूप, घड्याळ आणि छोट्या संगणकांची स्मृती यांना अहोरात्र थोडी थोडी वीज लागते. नंतर बसविलेला जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम असेल, तर त्यात आणखी भर पडते.

हा खर्च किती होतो, ते कागदावर मांडून पाहावे. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ही झाली आरंभीची शिल्लक. बंद गाडीचा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तर तो आधुनिक गाडीसाठी जास्त मुळीच नाही. २४ तासांत त्याचा खर्च ०.७२ अँपिअर-तास होतो, म्हणजे आठवड्याला सुमारे ५ आणि महिन्याला सुमारे २२. याचा अर्थ २४ दिवसांत निम्मी शिल्लक संपते आणि सात आठवड्यांच्या आत खाते रिकामे होते. सेल्फ फिरविण्याइतकी ताकद तर त्याच्या बऱ्याच आधी गेलेली असते. तीन महिन्यांनी परतणाऱ्या कुटुंबाची गाडी सुरू न होणे हे नशिबाचे नव्हे, तर सरळ वजाबाकीचे फळ आहे.

याशिवाय बॅटरी कशालाही जोडलेली नसली तरी आतल्या आत थोडी उतरतेच. ही घट सामान्यतः महिन्याला काही टक्केच असते; परंतु तापमान वाढले की तिचा वेग वाढतो. त्यामुळे विदर्भातील किंवा सोलापूरकडील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तापणारी गाडी आणि सावलीत उभी असलेली गाडी यांची गणना एकाच वर्गात करता येत नाही.

केवळ शिल्लक संपण्याचा प्रश्न असता, तर पुन्हा चार्ज करून काम भागले असते. खरी हानी वेगळीच आहे. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची जी बॅटरी तयार केली, तिचेच तत्त्व आजही आपल्या गाडीत वापरले जाते. वीज खर्च होते तेव्हा पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो, आणि चार्ज करताना तो पुन्हा विरघळतो. मात्र बॅटरी उतरलेल्या अवस्थेत बरेच दिवस पडून राहिली, तर या थराचे कठीण स्फटिक बनतात आणि नंतर ते सहसा सुटत नाहीत. ताजी उधारी एका निरोपात वसूल होते आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेली बुडीत खात्यात जाते, तसाच हा प्रकार आहे. बँकेत ९० दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. उतरलेल्या बॅटरीला मात्र तेवढीही सवलत मिळेलच असे नाही. एरवी तीन ते पाच वर्षे चालणारी बॅटरी एका दुर्लक्षित प्रवासामुळे निकामी होते, आणि हमीपत्र सामान्यतः निर्मितीतील दोषापुरते असल्याने हे नुकसान मालकाच्याच अंगावर पडते.

यावर घरोघरी योजला जाणारा उपाय म्हणजे शेजाऱ्याकडे किल्ली देणे आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी जागच्या जागी सुरू करून ठेवण्यास सांगणे. हेतू चांगला, पण हिशेब तोट्याचा. जागेवर चालणाऱ्या इंजिनाकडून बॅटरीला १० अँपिअरचा प्रवाह मिळतो असे धरले, तरी पाच मिनिटांत एक अँपिअर-तासही जमा होत नाही. आठवड्याचा खर्च मात्र ५ असतो. इंजिन पुरते न तापल्यामुळे त्याच्या तेलात पाण्याचा अंश आणि न जळलेले इंधन साठते, ते वेगळेच. याहून गंभीर गोष्ट म्हणजे बंद शेडमध्ये किंवा तळघरात इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साईड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक आहे. शेजारधर्म म्हणून गाडी सुरू करणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालण्याइतकी मौल्यवान वस्तू बॅटरी खचितच नाही.

तेव्हा योग्य मार्ग तीन आहेत, आणि त्यांची निवड मुक्कामाच्या कालावधीवरून करावी.

गाडी दोन-तीन आठवडेच उभी राहणार असेल आणि घरात चालविणारे कोणी असेल, तर आठवड्यातून एकदा ती रस्त्यावर काढून सलग ४० मिनिटे चालवावी. वरच्याच हिशेबाने एवढ्या वेळात ६ ते ७ अँपिअर-तास जमा होतात आणि आठवड्याचा खर्च भरून निघतो. त्या वेळी वातानुकूलन व दिवे यांचा वापर गरजेपुरताच ठेवावा.

महिना ते तीन महिने गाडी बंद राहणार असेल, तर बॅटरीची जोडणी सोडविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. जोडणी सोडविली की जावकेत केवळ नैसर्गिक घट उरते. ती महिन्याला पाच टक्के धरली तरी तीन महिन्यांनी सुमारे ८५ टक्के शिल्लक राहते. जोडलेली बॅटरी तेवढ्याच काळात रिकामी होऊन वर बाद होण्याच्या मार्गाला लागलेली असते. दोन्हींत फरक आहे तो एका पान्ह्याचा आणि दहा मिनिटांचा.

हे काम करण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी, कारण अर्धी भरलेली बॅटरी जपून ठेवण्यात अर्थ नाही. काचा वर घ्याव्यात, मागील डिकी बंद करावी आणि किल्लीने दरवाजा हाताने उघडता येतो का, ते पाहून ठेवावे. जोडणी सुटल्यावर विजेचे कुलूप काम करीत नाही. गाडी बंद केल्यावर काही मिनिटे थांबून प्रथम काळी, म्हणजे ऋण बाजूची वायर काढावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीचा सारा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे लाल टर्मिनल आधी सोडविताना पान्हा पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. काळी वायर सुटली की हा धोका टळतो. तिचे टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवावे. परत जोडताना काळी वायर सर्वांत शेवटी जोडावी. घड्याळ व रेडिओ पुन्हा लावावे लागतील, काही गाड्यांत काचेचे बटणही नव्याने जुळवावे लागेल. काही नव्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते, तर काहींत टर्मिनलवर संवेदक बसविलेला असतो. अशा वेळी गाडीची पुस्तिका पाहूनच हात घालावा किंवा माहीतगार मेकॅनिकला बोलवावे.

यापेक्षा अधिक काळासाठी, किंवा घरात माणसे आहेत पण दुसरी गाडी क्वचितच निघते अशा कुटुंबासाठी, स्वयंचलित देखभाल चार्जर हा तिसरा उपाय आहे. बॅटरी भरली की तो दाब कमी करून सुमारे साडेतेरा व्होल्टवर ठेवतो आणि घट होईल तेवढीच भर घालतो. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर मात्र आठवडाभर लावून ठेवू नये. तो भरलेल्या बॅटरीतही वीज ढकलत राहतो आणि आतील पाणी आटते. चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी. पाणी घालण्याची सोय असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल घालू नये.

बॅटरीची प्रकृती पाहण्यासाठी काही शे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर मोजणी १२.६ व्होल्ट किंवा अधिक आली, तर बॅटरी भरलेली समजावी. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली जाऊ लागली की चार्ज करावी. सेल्फ बंद पडेपर्यंत वाट पाहू नये. पूर्ण उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या केबलने एकदा सुरू करून घेतली म्हणजे ती भरली, असा समज नको. गावात दोन फेऱ्या मारून ती भरत नाही. तिला चार्जरवरच रात्रभर ठेवावे लागते. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, ही समजूतही आता मागे टाकावी. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशी काही करीत नाही. उष्णता मात्र करते.

विजेवर चालणारी मोटार घेतलेल्या घरांनीही स्वतःला यातून वगळू नये. मोठ्या बॅटरीबरोबरच तिच्यात बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि मोठ्या बॅटरीचा प्रवाह सुरू करून देण्याचे काम तीच करते. छोटी उतरली, तर मोठीत वीज असूनही गाडी जागी होत नाही. दीर्घ मुक्कामापूर्वी निर्मात्याची सूचना पाहणे इथे अधिक आवश्यक ठरते.

इतके करूनही बॅटरीचे आयुष्य संपलेच, तर ती रस्त्यावरील भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. उघड्यावर शिसे वितळविले जाते तेव्हा त्याचे विष आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटरीच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि जुनी बॅटरी परत घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देण्याची पद्धत विक्रेत्यांकडे आहेच.

प्रवासाला निघताना घरातील कर्ती स्त्री दूध व वर्तमानपत्र बंद करते, गॅसचा कॉक फिरविते, नळ पाहते. त्या यादीत गाडीच्या बॅटरीची एक ओळ वाढवावी, आणि ती कोणी करायची त्याचे नावही समोर लिहावे. ज्या घरात वृद्ध आई-वडील आहेत, त्या घराची गाडी केवळ सोयीची वस्तू नसते. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर इस्पितळात नेण्याचे ते पहिले साधन असते. परतीच्या दिवशी सामान उघडण्याआधी काळी वायर जोडून गाडी एकदा सुरू करून पाहावी, म्हणजे त्या रात्री गरज पडली तरी गाडी निघेल याची खात्री राहते.