चप्पल हुंगवणं बंद करा, गोळीचा हिशोब मागा

टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनाला रांग लागते. त्या रांगेत एखादी बाई ताठ होऊन कोसळली, हातपाय झटकू लागली, तोंडाला फेस आला, तर लोक काय करतील हे आम्ही पैजेवर सांगतो. एक जण अंगात आलं म्हणून हात जोडेल. दुसरा पायातली चप्पल तिच्या नाकाला लावेल. तिसरा तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबेल. चौथा मोबाईल काढेल.

आपण यावर हसायचं कारण नाही. आपल्या विहाराच्या ओट्यावर हेच घडलं, तरी चप्पलच निघते. १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणाऱ्या, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात फिट येणाऱ्या पोराच्या दंडाला ताईत सापडतो. तो कोणी बांधला, हा प्रश्न मनुवाद्यांना विचारून उपयोग नाही.

फिट, मिरगी, फेफरं, अपस्मार, नाव काहीही घ्या. मेंदूच्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतात. ते संदेश एकाच वेळी बेसुमार सुटले की झटका येतो. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि श्रेय चप्पल खाते! अशा वेळी माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, पाणी नाही, गोळीसुद्धा नाही. झटका पाच मिनिटांपुढे गेला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर १०८ ला फोन करा.

आता एका जुन्या बदनामीबद्दल. 'डुक्कर खाणाऱ्यांना फिट येते' असं आपल्याला तोंडावर ऐकवलं जातं. मेंदूत फीतकृमीच्या गाठी होऊन फिट येते, हे खरं. पण कच्चं राहिलेलं मटण खाल्ल्याने कृमी होतो तो आतड्यात. मेंदूत गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून. म्हणून जन्मभर मांसाला न शिवलेल्या माणसाच्या मेंदूतही त्या गाठी सापडतात. प्रश्न कोणाच्या ताटाचा नाही, गटाराचा आहे, आणि गटार साफ करणं कोणाचं काम, हे महापालिकेला विचारा.

औषधं आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटोइन १९३८ पासून. पुढे कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. पण ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. ती रोज मेंदूला आवर घालते, म्हणून रोजच घ्यावी लागते. सहा महिने फिट आली नाही म्हणून 'बरा झाला' असं ठरवून गोळी अचानक सोडली, की झटके परत येतात, कधी आधीपेक्षा जोरात, कधी जिवावर. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. तेव्हा मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून औषध बदलून घेता येईल का ते विचारा. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

नाक्याजवळचं विठ्ठल सायन्ना सिव्हिल हॉस्पिटल पाडून तिथे ९०० खाटांचं रुग्णालय उभारण्याचा प्रकल्प आला, आणि २०२३ मध्ये सिव्हिल मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं गेलं. फिट येणाऱ्या लेकीला घेऊन आई त्या फाटकातून आत शिरते, तेव्हा शेजारी काय कुजबुजतात ते सांगायला नको. फिट म्हणजे वेड नव्हे. पण कायद्यानेच दोन्ही एका ओळीत बसवली होती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात 'वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके' ही अट घातली. हा कायदा बौद्धांनाही लागू, म्हणजे आपल्या मुलीचं लग्नही फिटच्या कारणाने रद्द ठरवता येत होतं. १९९९ मध्ये संसदेने 'अपस्मार' हा शब्द काढला. आपल्या सोयरिकींतून तो अजून गेलेला नाही. मग लपवाछपवी होते, सासरी गोळी पदराआड गिळावी लागते, आणि एके दिवशी ती चुकते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मग आमची मागणी साधी आहे. नव्या इमारतीत मेंदूविकारांची ओपीडी हवी. फिटच्या गोळ्या एकदम महिन्याभराच्या मिळाव्यात, कारण चार गोळ्यांसाठी नाका कामगाराची दिवसाची मजुरी बुडते. कोणती गोळी किती शिल्लक, हे फलकावर लिहावं. नसेल तर आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाकू. मंडळांची एक दिवसाची आरोग्य शिबिरं इथे कामाची नाहीत, कारण शिबिराचा मांडव उतरल्यावरही रोजची गोळी लागतेच.

आणि कार्यकर्त्यांनो, ५ डिसेंबरच्या रात्री तुम्ही दादरला पाणी वाटत जागता. जागरण आणि चुकलेली गोळी, फिट ओढवायला एवढं पुरतं. तुमच्यापैकी ज्याला हा आजार आहे त्याने आपल्या गटप्रमुखाला आधी सांगावं, गोळ्या खिशात ठेवाव्यात, आणि गटप्रमुखाने त्याला रात्रपाळी न देता सकाळची पाळी द्यावी.