मुलीला मानसशास्त्र शिकवावे काय?



या सदरात आपण आजवर बी-बियाणे, खते, रोगराई यांचेच बोलत आलो. आजचा विषय शेतातला नाही, पण शेतकऱ्याच्या घरातला आहे.

मागच्या महिन्यात सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले शेतकरी कचेरीत आले. पिशवीत तेल्या पडलेली पाने आणि दोन फळे, आणि मागे त्यांची मुलगी. पानांचे बोलणे दहा मिनिटांत आटोपले. फवारणीचे कागदावर लिहून घेतले, पिशवीला गाठ मारली, तरी गृहस्थ उठेनात. मग म्हणाले, "सायेब, तुमी शिकलेली मानसं. हिला जरा समजावून सांगा. बीए संपत आलं. आता आनखी दोन वरसं मानसशास्त्र शिकायचं म्हनती. शाळंत नोकरी करनार म्हनती, पन मास्तरीन न्हवं. मग ह्ये काय येड्यांचं डाक्टर व्हायाचं हाय का?"

मुलगी इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, "येड्यांचं न्हाय हो आण्णा. वर्गात मागं बसनाऱ्या पोरांचं."

मी शेतकीचा पदवीधर. या विद्येतले मला काय कळणार? चौकशी करून सांगतो, असे म्हणून मी त्यांना वाटेला लावले. पण 'मागं बसणारी पोरं' हे तिचे शब्द रात्री डोक्यातून जाईनात. त्याला कारण आहे, आणि ते माझ्या कमीपणाचे आहे.

नोकरीला नवा असताना ज्या गावी माझे जाणेयेणे होते, तेथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. बापाबरोबर दूध घालायला यायचा. लिटर, फॅट आणि दर कानावर पडला की पैसे किती झाले ते तोंडी सांगायचा. डेअरीवाला कागदावर मांडीपर्यंत याचा हिशेब झालेला असे. पण पाचवीत असून त्याला धड वाचता येत नव्हते. जोडाक्षर आले की गाडी अडली. फळ्यावरचे वहीत उतरवताना निम्मी अक्षरे गळायची, उरलेली मागेपुढे व्हायची. मास्तर मारीत, घरी बाप मारी. एके दिवशी बापाने मला विचारले, "सायेब, काय करावं ह्या ध्यानाचं?" मी म्हणालो, "पुस्तकात डोकं चालत नाही त्याचं. शेतीत घाला, निदान मार तरी चुकेल." बापाने ऐकले. आमचे लोक ऐकतात, त्याचीच भीती वाटते.

तो आज चांगला ट्रॅक्टर चालवतो, व्यवहाराला पक्का आहे. पण दोन वर्षांपूर्वी त्याने तणनाशकाची बाटली कीटकनाशक समजून पंपात ओतली आणि अर्धा एकर वांगी जाळून घेतली. दोन्ही बाटल्यांवर नावे छापलेली होती. हे मला त्याने हसत हसत सांगितले. मला काही हसू आले नाही.

तर चौकशीत पहिली गोष्ट कळली ती ही, की अशा मुलांच्या अडचणीला नाव आहे. वाचनाच्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. वाचन, लेखन, गणित यांतल्या अशा सर्व अडचणींना मिळून अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी कमी नसते. आवाज आणि अक्षर यांची सांगड मेंदूत इतरांसारखी सहज बसत नाही, एवढेच. त्या पद्धतीने शिकवले तर ही मुले वाचू लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यांत ही अध्ययन अक्षमताही आहे. योग्य दाखला असेल तर दहावीच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण दाखल्याच्या आधी कोणीतरी हे ओळखायला हवे ना? मुलगा आळशी आहे, की त्याला फळा दिसत नाही, की कानाने कमी ऐकतो, की घरच्या कटकटीने त्याचे चित्त उडाले आहे, की खरोखरच अध्ययन अक्षमता आहे, हे वरून सारखेच दिसते. पीक पिवळे पडले की नत्र कमी, की लोह कमी, की मुळाशी पाणी साचले, हे पाहिल्याविना युरिया टाकणारा शेतकरी आपण पाहतोच. मीही त्या मुलाच्या बाबतीत तेच केले.

हे ओळखण्याची विद्या कोठे सुरू झाली, तेही वाचण्यासारखे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १८९६ साली एका शाळेच्या शिक्षिकेने १४ वर्षांचा मुलगा लायटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाकडे आणला. बाई स्वतः विद्यापीठात मानसशास्त्राच्या वर्गाला जात. मुलगा एरवी हुशार, पण शब्द लिहिताना अक्षरे चुकत. विटमरने तपासले तेव्हा मुलाच्या नजरेत दोष निघाला. त्याला चष्मा लावला आणि शब्द ओळखायला नव्याने शिकवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विटमरच्या मानसशास्त्रीय दवाखान्याची सुरुवात या मुलापासून झाली. पुढे १९१५ साली कनेक्टिकट राज्याने आर्नल्ड गेझेल यांना शाळांतील मागे पडणारी मुले तपासण्यासाठी नेमले. शालेय मानसशास्त्रज्ञ या हुद्द्याने नेमणूक झालेले ते पहिले गृहस्थ मानले जातात, आणि त्यांच्या कामात खेड्यांतल्या शाळाही होत्या, हे मला विशेष वाटले.

आज त्या देशात या कामाला लागायचे तर नुसती पदवी चालत नाही. पदवीनंतर साधारण तीन वर्षे शिकावे लागते. मुलाची वाढ, शिकण्याची रीत, चाचण्या कशा घ्याव्यात, संख्याशास्त्र, कायदा, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलण्याची पद्धत, हे सारे त्यात येते. पण माझे लक्ष अडले ते शेवटच्या भागावर. शालेय मानसशास्त्रज्ञांच्या तेथील राष्ट्रीय संघटनेने ठरवले आहे की उमेदवाराने किमान १२०० तास प्रत्यक्ष काम केले पाहिजे, त्यांतले निदान ६०० तास शाळेत, आणि तेही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. दिवसाला सहा तास धरले तर २०० दिवस होतात. म्हणजे शाळेचे जवळजवळ एक वर्ष! उमेदवार मुलाजवळ बसतो, वर्गात मागे बसून पाहतो, अहवाल लिहितो, आणि त्याचा वरिष्ठ तो अहवाल खोडून परत लिहायला लावतो. कलम बांधायला पुस्तकावरून कोण शिकले आहे? चार कलमे वाया गेली आणि शेजारी जाणता माळी उभा असला, की पाचवे जगते. येथे तर वाया जाऊ द्यायची चीज मूल आहे, म्हणून देखरेख हवीच.

चाचण्यांचेही एक ध्यानात घ्यावे. बुद्धिमापनाची पहिली चाचणी बिने यांनी १९०५ साली पॅरिसच्या मुलांसाठी केली. ती जशीच्या तशी आपल्या मुलांना लावून कसे चालेल? वि. वि. कामत यांनी १९३० नंतरच्या काळात ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवून घेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती प्रसिद्ध आहे. पुण्यात डॉ. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली, तेथेही मानसशास्त्राचा शिक्षणाशी मेळ घालण्याचे काम पूर्वीपासून आहे. तेव्हा ही विद्या परकी आहे असे म्हणायला जागा नाही.

आता आपल्या मुलीने काय करावे? आपल्याकडे शाळेत या माणसाला बहुधा समुपदेशक म्हणतात. रस्ता साधारण असा आहे: मानसशास्त्र घेऊन पदवी, मग दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि मग समुपदेशनाचे किंवा शालेय मानसशास्त्राचे वेगळे प्रशिक्षण. एनसीईआरटीने मुख्यत्वे शिक्षकांसाठी मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका आखली. तिच्यात सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने समोरासमोर वर्ग आणि तीन महिने उमेदवारी अशी मांडणी केली. आपल्या राज्याला त्यासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था जवळची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल तर तो रस्ता निराळा. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ही दोन कामे एक समजू नयेत.

एक इशारा देतो, कारण यात आपल्या मुलांचे पैसे बुडतात. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे पदवी-पदव्युत्तर शिक्षण टपालाने किंवा ऑनलाइन देण्यास मनाई केली आहे. घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करून देतो, असे कोणी आता सांगू लागला तर पैसे खिशातच ठेवा. तशीच शनिवार-रविवारची प्रमाणपत्रे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने तीन महिन्यांचे असे प्रमाणपत्र घेतले. बापाने त्यासाठी दुभती गाय विकली. पुढे शाळेने तो कागद हातातही धरला नाही. त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही, अशा पुष्कळ आहेत. प्रवेश घेताना इमारत पाहू नका. एकच विचारा: मुलांसोबत प्रत्यक्ष किती तास काम करवता, कोणत्या शाळेत, आणि कोणाच्या देखरेखीखाली? याचे सरळ उत्तर आले नाही तर पुढच्या एसटीने परत या.

नोकरीचेही खरे ते सांगतो. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत ही जागा आहे असे समजू नका, नाही. पण दिवस पालटत आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यात आहे. निर्देश आणि अंमल यांतले अंतर माझ्यासारख्या सरकारी माणसाने आपल्याला सांगायला नको. तरीही ज्या मुलीला पाच वर्षांनी काम हवे आहे तिने आजच पेरणी केली पाहिजे.

हे सर्व मी सांगोल्याच्या गृहस्थांना सांगितले. लग्नाचे काय, असे त्यांनी विचारलेच. मी म्हटले, दोन वर्षे थांबणारे स्थळ पाहा. ते थोडे रागावले. पण आठवड्याने फोन आला, तो मुलींच्या वसतिगृहाचा खर्च विचारायला.

आणि तो ट्रॅक्टरवाला. त्याचा थोरला मुलगा आता तिसरीत आहे. मागल्या रविवारी बांधावर भेटला तेव्हा म्हणाला, "सायेब, ह्यो बी माज्यावानीच वाचतोय." या खेपेला मी मत दिले नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले. ते झाले, दोन्ही ठीक निघाले. मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष मुलांचे काम पाहणाऱ्या बाईंची गाठ घालून दिली. त्यांनी मुलाच्या वह्या मागवल्या आहेत, आणि पुढच्या बुधवारी आईवडील दोघांनाही बोलावले आहे. बाप म्हणत होता, मी अडाणी येऊन काय करू? मी त्याला गाडीवर घालून नेणार आहे.

तेल्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात.