लाल तार, काळी तार

सुट्टीत चिरंजीव सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवतात. हौस कौतुकाची, पण कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टच्या तारा मदरबोर्डला जोडताना जरा जपून!

लाल तार ५ व्होल्टची, पांढरी नि हिरवी माहितीची, काळी परतीची. जुन्या कॅबिनेटांत या तारा सुट्या येत. लाल-काळीची अदलाबदल झाली, की पेनड्राइव्ह क्षणात गतप्राण! काही जुन्या मदरबोर्डांवर हुबेहूब तशीच दिसणारी फायरवायरची जागा असते. तिथे १२ व्होल्ट. पाचाची सवय असलेल्याला बारा पचावेत कसे?

खरी गंमत पुढेच. पहिला पेनड्राइव्ह मेला, की दोष त्यालाच, आणि खात्रीसाठी दुसरा खुपसायचा. तोही जातो!

तेव्हा पहिल्यालाच थांबावे, मदरबोर्डची पुस्तिका उघडून एकेक पिन ताडून पाहावी. नव्या पोर्टात प्रथम रिकामा, स्वस्तातला पेनड्राइव्ह लावावा. ताईच्या लग्नाचे फोटो नंतर. त्यांचीही दुसरी प्रत कपाटात हवीच. पेनड्राइव्ह बाजारात पुन्हा मिळतो, मंडळी. त्यातले आजोबांचे हसू मिळत नाही.