चिठ्ठी तपासायची कोणी?

मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली, गोळ्या घेतल्या, पैसे मोजले की व्यवहार संपला, अशी आपल्या वस्त्यांमध्ये समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या विनियमांनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टने औषध देण्यापूर्वी चिठ्ठी तपासलीच पाहिजे. एकच औषध दोन नावांनी आले आहे काय, मात्रा व मुदत बरोबर आहे काय, एक औषध दुसऱ्याशी किंवा रुग्णाच्या जुन्या आजाराशी भांडते काय, हे पाहायचे. शंका आल्यास डॉक्टरांशी बोलायचे.

विदर्भातील सिकलसेलचेच घ्या. आदिवासींइतकाच हा आजार आपल्या बौद्ध समाजालाही पोखरतो आहे. अंग ठणकू लागले की रुग्ण वेदनाशामक घेतो. एका चिठ्ठीवर डायक्लोफिनॅक, दुसरीवर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने. सिकलसेलमुळे मूत्रपिंड आधीच अधू होत असते, त्यावर हा दुहेरी मारा! हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर वेळोवेळी रक्त तपासावे लागते, कारण त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात. गर्भारपणात ते टाळायचे असते. आमच्या भगिनीला हे काउंटरवर कोण सांगते? २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. रक्ततपासणी झाली, कार्डही मिळाले, पण गोळ्यांची तपासणी कोणाच्या खात्यात?

कित्येक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच असतो. नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरचे औषध देणे हा १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. अन्न व औषध प्रशासनाने ही भाड्याची प्रमाणपत्रे शोधावीत. डी. फार्म. झालेली आपलीच पोरे तुटपुंज्या पगारावर तेथे राबतात हेही खरे. त्यांना चिठ्ठी वाचायलाही सवड न देणारा मालक जाब देण्यास बांधील आहे.

शासन हलेपर्यंत आपण काय करावे? पक्के बिल मागावे. ग्राहक आयोगात तोच पुरावा. दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवावे. आणि १४ एप्रिलला विहारात रक्तदान शिबिर भरते, तेथेच एक टेबल फार्मसी शिकलेल्या आपल्या तरुणांना द्यावे. घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या चिठ्ठ्यांसह, पिशवीत घालून आणायला सांगावे. शंकास्पद दिसेल ते चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे पाठवावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.