पंक्चर काढणाऱ्या चाचांचा इतबार

मुलीची गिअरची सायकल जिन्यात उजव्या अंगावर पडली. त्यानंतर गिअर कटकट करायला लागले, चेन मध्येच उडी मारायची. ज्या मोठ्या शोरूममधून ती घेतली होती, तिथल्या माणसाने हात न लावताच सांगितलं, "मागचा पूर्ण डिरेलर बदलावा लागेल, 1,800 रुपये."

मी सायकल कोपरखैरण्यातल्या आमच्या चाचांकडे नेली. पत्र्याचं शटर, हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, एवढंच दुकान. चाचांनी सायकल उलटी केली, चाक फिरवून एका डोळ्याने पाहिलं. "सर, गिअर अच्छा है. बस ये पट्टी टेढी हुई है." डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती मऊ धातूची असते, म्हणजे मार तिला बसतो आणि फ्रेम वाचते. त्यांनी पट्टी सावकाश सरळ केली, सैल वायर ताणली आणि 60 रुपये घेतले.

आपल्याला त्यातलं काही कळत नाही हे चाचांना माहीत असतं. म्हणूनच पंक्चर असलं की ते ट्यूब आपल्यासमोर पाण्यात बुडवतात, बुडबुडे दाखवतात, ठिगळ लावल्यावर पुन्हा बुडवतात. मग टायरच्या आतून बोट फिरवून रुतलेला काटा शोधतात. काटा काढला नाही तर गिऱ्हाईक दोन दिवसांत परत येणार, आणि काही दुकानांचा धंदा त्यावरच चालतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'इमानेइतबारे' हा शब्द समजावताना फोड करून दाखवतो: ईमान आणि एतबार. दोन्ही शब्द आपल्याकडून मराठीत गेले आणि तिथेच रमले. उदाहरण म्हणून मला चाचाच आठवतात.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात गृहपाठ न करणाऱ्या मुलांवर चिडून मी म्हणालो होतो, "असंच चाललं तर पंक्चर काढत बसाल." मुलं हसली. एक हसला नाही. नंतर कळलं, तो चाचांचा धाकटा मुलगा. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'बिझनेस' लिहिलं होतं.

सोशल मीडियावर 'पंक्चरवाला' ही मुसलमानांना दिलेली शिवी झाली आहे, हे आपण रोज वाचतो. एप्रिल 2025 मध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधानही म्हणाले, की वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लीम तरुणांना पंक्चर काढावे लागले नसते. वक्फचा हिशेब मागायलाच हवा, आपणही मागावा. आमची मुलं डॉक्टर व्हावीत, इंजिनिअर व्हावीत, त्यात वाद नाही. पण त्यासाठी चाचांच्या कामाला खालचं ठरवण्याची गरज काय? आणि बाहेरच्यांना तरी किती बोलणार, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखतं बनवून हातच्या कमाईवर जगायचे, हे मी त्याच मुलांना कितीदा सांगितलंय!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये भावासोबत बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तेही मास्तरच, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. पुढे लोखंडी नांगर आला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिकडे अमेरिकेत डेटन शहरात राईट बंधूही सायकली दुरुस्त करत, विकत, आणि त्याच कमाईवर त्यांनी 1903 मध्ये विमान उडवलं. त्यांना कोणी सायकलवाले म्हणून हिणवत नाही.

मी त्या मुलाची माफी वर्गासमोर मागितली. तो काही बोलला नाही, मान हलवली फक्त. आता तो दहावीत आहे आणि रविवारी दुकानात बसतो. परवा माझ्या सायकलच्या चाकाची आउट त्यानेच काढली. एकेक तार पिळत, चाक फिरवत, अर्धा तास. पैसे चाचांनी घेतले, पूर्ण घेतले.

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. मुलाला बसवण्याआधी ब्रेक आणि हँडल त्यांच्याकडून तपासून घ्या. दुकान सकाळी नऊला उघडतं. शुक्रवारी जुम्याच्या वेळी तासभर बंद असतं.