शीर्षासन : ईर्षा नको, घाई नको



गतवर्षी २१ जूनच्या योगदिनाच्या तयारीसाठी आमच्या धर्मग्रामातील मुले चर्चच्या पडवीत जमत असत. दोघांनी तिसऱ्याचे पाय धरून त्यास उलटा उभा करावयाचा आणि इतरांनी आकडे मोजावयाचे, असा खेळ रंगला होता. आम्हीही कौतुकाने मोजू लागलो. दुसऱ्या दिवशी एका मुलाची मान आखडली आणि आठवडाभर त्याची शाळा बुडाली. त्याच्या आईने आम्हांस बोल लावला नाही. परंतु दोष आमचाच होता. म्हणून आजचे हे चार शब्द.

शीर्षासन मुळात वाईट नव्हे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार या दोघांनीही त्यास मोठे स्थान दिले. पण दोघांच्याही शिकवणीत क्रम होता, घाई नव्हती.

मानेचे सात मणके सुमारे पाच किलो वजनाचे मस्तक तोलण्यासाठी घडलेले आहेत. शीर्षासनात हातांनी भार घेतला तरी शरीराच्या वजनाचा ४० टक्क्यांहून अधिक अंश मस्तकावर येऊ शकतो. डोळ्यांतील दाबही जवळजवळ दुप्पट होतो. यास्तव रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू वा डोळ्याच्या पडद्याचा विकार असणाऱ्यांनी, मानेस इजा झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी या वाटेस जाऊ नये.

ज्यांस अशी अडचण नाही, त्यांनी जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. भिंतीलगत घोंगडी चारपदरी करून अंथरावी. उशी नको, कारण मऊ वस्तूवर मान कलते. गुडघे टेकून दोन्ही कोपर खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावेत, बोटे गुंफावीत, माथा टेकून तळव्यांचा आधार डोक्याच्या मागे द्यावा. कोपर जमिनीस दाबून खांदे उचलून धरावेत व पावले पुढे आणीत कंबर उंच करावी. पहिले काही आठवडे अभ्यास एवढाच. खांदे अर्धा मिनिट न ढळता राहू लागले, म्हणजे मगच गुडघे वाकवून भिंतीच्या आधाराने पाय वर न्यावेत. उडी कदापि मारू नये. आरंभी दहा-पंधरा सेकंद पुरेत. उतरल्यावर लगेच उठू नये. कपाळ जमिनीस टेकून थोडा विसावा घ्यावा.

शिकविणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी. प्रथम प्रत्येकाच्या दुखण्याची चौकशी करावी. एका वेळी एकासच वर जाऊ द्यावे. बाजूस उभे राहून कंबरेस आधार द्यावा. घोटे धरून ओढू नये. मान दुखली, हातांस मुंग्या आल्या वा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तत्क्षणी खाली उतरवावे. कोणी पडला आणि मान दुखू लागली, तर ती चोळून वा मोडून घेऊ नये; मान न हलविता डॉक्टरांची मदत मिळवावी. आपल्या गावांत हीच चूक फार होते.

आणि ज्यास हे साधत नाही, त्याने पाठीवर निजून पाय भिंतीस टेकवावेत. त्यात कमीपणा कसला?

तो मुलगा आता बरा आहे. यंदाच्या योगदिनी तो पाय भिंतीस लावून स्वस्थ निजणार आहे, आणि आम्ही आकडे मोजणार नाही.